वाळूच्या नळीत फेस का बसतो: सर्फॅक्टंट बदलण्याआधी काय तपासायचं

जळगाव-धुळ्याकडच्या केमिकल इंजिनिअरिंगच्या मुलांची दर वर्षी प्रोजेक्टच्या दिवसांत एकच तक्रार असते. विषय असतो फेसाच्या मदतीने जमिनीखालच्या जुन्या साठ्यातून जादा खनिज तेल काढण्याचा. काचेच्या सिलिंडरमध्ये सर्फॅक्टंटचं, म्हणजे फेस आणणाऱ्या साबणासारख्या रसायनाचं, द्रावण हलवलं की फेस झकास उभा राहतो. तेच द्रावण वाळू भरलेल्या नळीत गॅससोबत सोडलं की दाबाच्या गेजचा काटा जागचा हलत नाही आणि पलीकडून नुसता गॅस फुसफुसत बाहेर येतो. ‘भाऊ, फेस टिकसच नही,’ असा फोन येतो आणि लगेच पुढचा प्रश्न असतो: दुसरं कोणतं सर्फॅक्टंट घेऊ?

अजून काहीच घेऊ नका. बहुतेक वेळा दोष बाटलीत नसतो. तो पाण्यात असतो, नाहीतर वाळूत, नाहीतर तेलात. याच क्रमाने शोधत गेलात तर सापडतो आणि पैसेही वाचतात.

फेस कशासाठी हवा ते आधी डोक्यात स्पष्ट असू द्या, म्हणजे कशाला अपयश म्हणायचं ते कळेल. साठ्यात सोडलेला गॅस तेलापेक्षा हलका असतो आणि कितीतरी पातळ. तो वरच्या बाजूने पळतो, जिथे वाट मोकळी तिथून निसटतो आणि तेल मागेच राहतं. गॅसचे बुडबुडे पाण्याच्या पातळ पडद्यांनी अडवले की त्याची चाल मंदावते आणि तो तेलाला पुढे ढकलू लागतो. म्हणजे फेस किती उंच उभा राहिला याला इथे महत्त्व नाही. वाळूच्या कणांमधल्या अरुंद वाटांवर पडदे तयार होतात का, मोडले तर पुन्हा तयार होतात का, आणि त्यामुळे दाब चढतो का, हे पाहायचं. सिलिंडरची चाचणी फक्त नालायक द्रावणं बाजूला काढायला उपयोगी. नळीत काय होणार ते ती सांगत नाही.

आता पाणी. खानदेशात पहिला संशय इथेच घ्यायचा. बोअरच्या ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्याच पाण्यात मुलं द्रावण बनवतात. काही जण टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचा, पेन बुडवून आकडा लिहून ठेवतात. तो पेन पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. त्यातलं मीठ किती आणि कॅल्शियम किती हे त्याला कळत नाही. आपल्याला हवी ती कठीणता, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून किती ते. अमोनिया बफर घालून, एरिओक्रोम ब्लॅक टी टाकून, ईडीटीएने टायट्रेशन करा. दारूसारखा लाल रंग जाऊन स्वच्छ निळा आला की झालं. कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये हे साहित्य असतंच.

आकडा आला की हिशोब मांडा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमचं पाणी ६०० चं आहे असं धरा. कॅल्शियम कार्बोनेटच्या भाषेत १०० मिलिग्रॅम म्हणजे १ मिलिमोल, तेव्हा हे झाले लिटरला ६ मिलिमोल. त्यातले ४ कॅल्शियमचे आणि २ मॅग्नेशियमचे मानू. आता ०.२५ टक्के एसडीएस, म्हणजे सोडियम डोडेसिल सल्फेट, घेतलंत तर ते लिटरला साधारण ८.७ मिलिमोल भरतं. कॅल्शियमचा एक आयन एसडीएसचे दोन रेणू धरून बसतो. ४ गुणिले २, आठ. जवळपास सगळा माल कागदावर तरी तिथेच संपला. प्रत्यक्षात मायसेल, म्हणजे सर्फॅक्टंटच्या रेणूंचे झुबके, थोडं कॅल्शियम सांभाळून घेतात, त्यामुळे सगळंच तळाला जात नाही, पण द्रावण दुधाळ होतं. आणि ते दुधाळ द्रावण तुम्ही वाळूत सोडलं की बारीक कण नळीच्या तोंडाशीच अडकतात. मग दाब चढतो आणि मुलांना वाटतं फेस तयार झाला. हा दाब खोटा असतो. गॅस बंद करून नुसतं द्रावण ढकला. तरीही दाब चढतच राहिला तर तो गाळाचा.

हिवाळ्यात आणखी एक गोंधळ होतो. धुळ्याला डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो. एसडीएसचा क्राफ्ट बिंदू साधारण १६ अंशांचा. त्याखाली ते शुद्ध पाण्यातही स्फटिक होऊन बसतं. सकाळी बाटली दुधाळ दिसते ती थंडीने की कॅल्शियमने, हे ओळखणं सोपं आहे. बाटली तीस-पस्तीस अंशांच्या पाण्यात ठेवा. निवळली तर थंडी. तशीच राहिली तर कॅल्शियम, कारण कॅल्शियमच्या क्षाराला विरघळायला पन्नासच्या आसपास तापमान लागतं.

उपाय म्हणून लगेच आरओचं पाणी वापरून मोकळे होऊ नका. हे मला मनापासून सांगायचं आहे, कारण इथे प्रोजेक्टचा अर्थच हरवतो. साठ्यातलं पाणी गोड नसतं. त्यात मीठ असतं, कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं. तेव्हा डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात सोडियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड वजन करून घाला आणि आपलं स्वतःचं ठरलेलं खारं पाणी बनवा. त्याच सर्फॅक्टंटचे तीन नमुने शेजारी ठेवा: निव्वळ डिस्टिल्डमधला, नुसत्या मिठाच्या पाण्यातला, मीठ आणि कॅल्शियम दोन्हींतला. पहिले दोन ठीक आणि तिसरा बसला, तर गुन्हेगार सापडला. बोअरच्या पाण्याने हा निवाडा कधीच होणार नाही, कारण ते पावसाळ्यात एक असतं आणि एप्रिलमध्ये दुसरंच.

पाण्याबरोबरच बाटलीवरची टक्केवारी वाचा. बाजारात मिळणारा एओएसचा, म्हणजे अल्फा ओलेफिन सल्फोनेटचा, द्रव साधारण ३५ ते ४० टक्के सक्रिय असतो. बीटेनचा, म्हणजे धन आणि ऋण दोन्ही प्रभार असलेल्या सर्फॅक्टंटचा, द्रव तीसेक टक्क्यांचा. एसएलईएसची, म्हणजे सोडियम लॉरिल इथर सल्फेटची, घट्ट पेस्ट ७० टक्क्यांची. मुलं ५ ग्रॅम द्रव लिटरभर पाण्यात टाकून वहीत ‘०.५ टक्के’ लिहितात. प्रत्यक्षात ते ०.२ टक्केही नसतं. मग दोन सर्फॅक्टंटची तुलना करायची आणि एक भारी, दुसरं हलकं म्हणायचं, याला काही आधार राहत नाही. धुण्याची पावडर बनवणाऱ्यांकडून ॲसिड स्लरी आणून कॉस्टिकने उदासीन करून वापरणारेही असतात. ती फेस देते, पण कठीण पाण्यापुढे तिचा टिकाव फार कमी. या कामाला ती घेऊ नका.

आता वाळू, आणि इथे थोडं थांबून बोलावं लागेल.

गिरणेची किंवा तापीची वाळू चाळून, धुवून नळीत भरली जाते. दिसायला छान असते. पण आपल्या नद्या दख्खनच्या काळ्या पाषाणातून येतात. या वाळूत बसाल्टचे काळे कण असतात, लोहाची ऑक्साइडं असतात, चिकणमाती असते आणि चुनखडीचे बारीक खडे असतात. तेलाच्या पुस्तकात वाळूचा दगड म्हटलं की मुख्यतः क्वार्ट्झ अभिप्रेत असतं. क्वार्ट्झच्या पृष्ठभागावर साध्या पाण्यात ऋण प्रभार असतो, त्यामुळे एओएस किंवा एसडीएससारखं ऋण प्रभाराचं सर्फॅक्टंट त्याला फारसं चिकटत नाही. लोहाची ऑक्साइडं आणि चुना यांच्या पृष्ठभागावर मात्र धन प्रभार असू शकतो. तिथे सर्फॅक्टंट जाऊन बसतं. शिवाय चुनखडी पाण्यात थोडी थोडी विरघळून कॅल्शियम सोडत राहते. म्हणजे तुम्ही एवढ्या काळजीने बनवलेलं पाणी नळीत शिरल्यावर पुन्हा कठीण होतं.

तपासायला दोनच गोष्टी लागतात, चुंबक आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल. पांढऱ्या कागदावर चमचाभर सुकी वाळू पसरा, कागदाच्या खालून चुंबक फिरवा. काळे कण चुंबकामागे रांग लावून पळताना दिसले की लोह आहे. दुसरा चमचा वाच ग्लासमध्ये घ्या आणि आम्लाचे चार थेंब टाका. पांढऱ्या कणांभोवती बुडबुडे उठले की चुना आहे. कान जवळ नेला तर चरचर ऐकू येते. गिरणेच्या वाळूत दोन्ही दिसतात. अशी वाळू आम्लात भिजवून, उदासीन होईपर्यंत धुवून चुना काढता येतो, पण लोह आणि माती काही पूर्ण जात नाही. त्यापेक्षा फाउंड्रीला लागते ती साधी सिलिका वाळू घ्या. तिच्यावर रेझिनचा लेप नाही ना, एवढं दुकानदाराला विचारून घ्या. आपल्या नद्यांमध्ये वाळू आधीच उरलेली नाही, तेव्हा गिरणेला हात न लावलेलाच बरा.

सिलिका वाळू घेतली तरी शोषण, म्हणजे सर्फॅक्टंट वाळूला चिकटणं, शून्य होत नाही, आणि मुलं घाई करतात ती इथे. आकडे मांडून पाहा. नळी ३० सेंटिमीटर लांब, आतला व्यास २.५ सेंटिमीटर. आकारमान साधारण १४७ मिली. पोकळी ३७ टक्के धरली तर सुमारे ५४ मिली मोकळी जागा (एवढं द्रावण म्हणजे ‘एक पोकळी’) आणि सुमारे २४५ ग्रॅम वाळू. ग्रॅममागे १ मिलिग्रॅम सर्फॅक्टंट चिकटतं असं मानलं तर २४५ मिलिग्रॅम वाळूच खाणार. ०.५ टक्क्याच्या द्रावणात मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम असतात, म्हणजे जवळपास एक पोकळीभर द्रावण शोषणातच गेलं. ०.१ टक्क्याचं असेल तर साडेचार पोकळ्या. आणि बहुतेक जण दोन पोकळ्या ढकलून गॅस सोडतात! नळीच्या पलीकडच्या अर्ध्या भागात तेव्हा सर्फॅक्टंट पोचलेलंच नसतं. फेस होणार कशाचा?

किती ढकलायचं ते मोजायला महागडं यंत्र लागत नाही. पलीकडून येणारं पाणी दहा-दहा मिलीने परीक्षानळ्यांत धरा, प्रत्येक नळी सारख्याच वेळा हलवा आणि मूळ द्रावणाशेजारी ठेवून फेसाची उंची बघा. दोन्ही उंच्या सारख्या आल्या आणि पुढच्या दोन-तीन नळ्यांतही तशाच राहिल्या की वाळूचं पोट भरलं. मग गॅस सोडा.

खडकाचा हा मुद्दा प्रत्यक्ष क्षेत्रावरही तितकाच लागू आहे. खानदेशाला सर्वात जवळचं मोठं तेलक्षेत्र म्हणजे सुरतेच्या पलीकडचं अंकलेश्वर, १९६० मध्ये सापडलेलं. तिथले साठे वाळूच्या दगडात आहेत. मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडकात आहे. एका ठिकाणी चाललेलं ऋण प्रभाराचं सर्फॅक्टंट दुसऱ्या ठिकाणी शोषणात संपून जाऊ शकतं. म्हणून प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर कोणत्या खडकासाठी काम करतोय हे लिहाच.

नळी भरण्याबद्दल थोडक्यात. वाळू कोरडी ओतू नका. पाणी वर ठेवून थोडी थोडी सोडा आणि नळीला बाहेरून टिचक्या मारत बसवा. ॲक्रिलिकची आतली भिंत गुळगुळीत असते; वाळू सैल बसली तर गॅस भिंतीलगत सरळ वाट काढतो. आतून पॉलिश पेपर फिरवून भिंत खरबरीत केलीत तर फरक पडतो. दाब वाढवायचा असेल तर ॲक्रिलिक सोडून स्टीलच्या नळीवर या. ॲक्रिलिक फुटलं तर तुकडे डोळ्यांत जातात. चष्मा हवाच.

गॅसकडे कुणाचं लक्ष जात नाही. नायट्रोजनचा सिलिंडर परवडत नाही म्हणून गॅरेजमधला कॉम्प्रेसर आणला जातो. त्याच्या हवेत वंगणाच्या तेलाचे अतिसूक्ष्म थेंब असतात आणि ते फेस मारतात. हवा पांढऱ्या टिश्यू पेपरवर पाच मिनिटं सोडून बघा. पिवळट डाग दिसला तर फिल्टर लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. कॉकला लावलेलं सिलिकॉन ग्रीसही तसंच, सिलिकॉन हे तर मुद्दाम फेस मारायलाच वापरतात. आणि कार्बन डायऑक्साइड वापरत असाल तर तो नायट्रोजनपेक्षा पाण्यात पन्नासेक पट जास्त विरघळतो, म्हणून पडद्यातून आरपार जाऊन लहान बुडबुडे मोठ्यांत विलीन होतात. नायट्रोजनचा फेस आणि कार्बन डायऑक्साइडचा फेस यांची आयुष्यं एका तक्त्यात शेजारी मांडून निष्कर्ष काढू नका.

मे महिन्यात आणखी एक अडचण. भुसावळ-जळगावला बाहेर पंचेचाळीस अंश असतात आणि कॉलेजच्या लॅबमध्येही चाळीसच्या वर. पाणी २५ अंशांपेक्षा ४५ अंशांना दीडपट पातळ होतं, त्यामुळे फेसातून ते तितक्याच पट वेगाने खाली निथळतं. उघड्या सिलिंडरमध्ये वरचे पडदे तर वाळूनच फुटतात. जानेवारीतलं वाचन आणि मेमधलं वाचन जुळत नाही म्हणून सर्फॅक्टंट खराब झालं असं म्हणणारे भेटतात. सिलिंडरला झाकण लावा, पाण्याच्या टाकीत उभा ठेवा, तापमान प्रत्येक वाचनासोबत लिहा. साठ्याचं तापमान तर याहून कितीतरी जास्त असतं. तिथे सल्फेट गटाची सर्फॅक्टंट, म्हणजे एसडीएस आणि एसएलईएस, पाण्याने हळूहळू तुटतात, आम्लात जास्तच वेगाने. सल्फोनेटं टिकतात, कारण त्यांत गंधक थेट कार्बनला जोडलेलं असतं. नॉर्वेच्या स्नोर क्षेत्रात १९९० च्या दशकाच्या शेवटी समुद्राखालच्या साठ्यात फेस सोडला, तेव्हा एओएसच वापरलं होतं.

पाणी, वाळू, गॅस नीट आणि तेलाशिवायच्या नळीत दाब चढतोय, पण तेल आलं की फेस बसतो. आता खरा विषय सुरू झाला.

तेलाचा थेंब पाण्याच्या पडद्यात शिरू शकतो का, हे तीन ताणांवर ठरतं. द्रावण आणि हवा यांच्यातला पृष्ठताण घ्या, त्यात द्रावण आणि तेल यांच्यातला ताण मिळवा, तेल आणि हवा यांच्यातला वजा करा. उत्तर धन आलं तर थेंब पडद्यात शिरू पाहतो. समजा ३२ अधिक ३ वजा २६, म्हणजे मीटरला ९ मिलिन्यूटन. हे वाईट चिन्ह. पण धन आकडा आला म्हणून फेस मोडलाच पाहिजे असं नाही. थेंब आणि हवा यांच्यामध्ये पाण्याचा एक फार पातळ थर उरतो. तो मजबूत असेल तर थेंब आत घुसू शकत नाही. पाण्यात मीठ जास्त झालं की हा थर कमजोर होतो. म्हणूनच तेलाची चाचणी डिस्टिल्ड पाण्यात केली तर ती फसवी ठरते.

क्रूड मिळत नाही म्हणून शेंगदाण्याचं किंवा सरकीचं तेल वापरण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. कृपा करून हे बंद करा. खाद्यतेलाचा पृष्ठताण ३२-३३ च्या घरात असतो, बहुतेक क्रूडपेक्षा बराच वर. त्यामुळे वरच्या हिशोबात उत्तर लहान येतं आणि फेस उगाच टिकल्यासारखा दिसतो. दुसऱ्या बाजूने, लाकडी घाण्याच्या तेलात मुक्त स्निग्ध आम्लं असतात. ती पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून साबणाचे बारीक कण करतात आणि हे कण फेस उगाच मोडतात. दोन्हीकडून चुकीचं उत्तर. हेक्झाडेकेन मिळालं तर उत्तम, नाहीतर डिझेल. डिझेलमध्ये टिकलेला फेस जड क्रूडमध्ये बहुधा टिकतो, कारण हलकी तेलं फेसाला जास्त जाचतात. जवळपास ज्योत नको, खिडक्या उघड्या ठेवा.

तेलाने भरलेल्या नळीत थेट फेस सोडला तर तो बसणारच. आधी पाण्याने जेवढं तेल निघतं तेवढं काढून घ्या, मग सर्फॅक्टंट, मग गॅस. पहिल्या काही पोकळ्यांत दाब चढला नाही तरी थांबवू नका. गॅस आणि द्रावण मिळून तेल आणखी कमी करतात आणि मागून फेस जमू लागतो. काटा उशिरा आणि पायरीपायरीने चढतो. इथेच घाबरून प्रयोग बंद केलेला मी फार वेळा पाहिला आहे.

गॅसचं प्रमाणही बघा. सुरुवातीला एकूण प्रवाहात ७० ते ८० टक्के गॅस ठेवा. ९० च्या वर गेलात की पडदे इतके कोरडे पडतात की वाळूतला केशिका दाब, म्हणजे बारीक वाटा पाणी ओढून घेतात तो दाब, त्यांना फोडतो. पण हे टक्के कुठले? नळीत ३ बार निरपेक्ष दाब असेल तर १ मिली द्रावणामागे बाहेर ४ मिली दिसणारा गॅस आत १.३ मिलीच असतो. बाहेर ८० टक्के वाटणारा फेस आत ५७ टक्क्यांचा. आणि प्रवाह फार मंद ठेवलात तर वाळूच्या चिंचोळ्या जागांत बुडबुडे तुटून नवे पडदे बनतच नाहीत. थोडा वेळ प्रवाह वाढवून फेस बनवा, मग हळूहळू कमी करा. एकदा बनलेला फेस कमी प्रवाहातही चालत राहतो.

एवढं सगळं तपासून झालं, तरी तेलाने फेस मोडतोय, तर मग सर्फॅक्टंटला हात लावा. पूर्ण बदलू नका. एओएस तसंच ठेवून त्यातला दहावा हिस्सा बीटेनने बदला, सक्रिय टक्केवारी मोजून, एकूण तेवढीच ठेवून. मग पाचवा हिस्सा, मग तिसरा. बीटेन पडदा घट्ट करतं आणि कॅल्शियमलाही फारसं जुमानत नाही, पण ते खडकाला किती चिकटतं हे प्रत्येक वाळूत वेगळं असतं. म्हणून प्रत्येक मिश्रणाआधी परीक्षानळ्यांची ती रांग पुन्हा लावा, आणि दर वेळी नळी नव्या वाळूने भरा. जुन्या वाळूला आधीच्या सर्फॅक्टंटचा थर चिकटलेला असतो, धुवून तो जात नाही.